कौल, क्रमांक आणि मामाचा सल्ला

आमच्या गोव्यात कुठलंही मोठं काम काढायचं झालं की आधी देवाला विचारायची रीत आहे. घर बांधायचं, मुलीचं लग्न ठरवायचं, जमिनीची वाटणी करायची... देवळात जाऊन प्रसाद लावायचा. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. हल्ली या पाकळ्यांच्या जोडीला संगणक आला आहे. बारावीचं पोर असलेल्या घरात मे-जूनमध्ये रात्री उशिरापर्यंत एकच उद्योग चालतो. क्रमांक टाकायचा, बटण दाबायचं, आणि कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळण्याची 'शक्यता' किती ते बघायचं. हाही कौलच!

२०२४ च्या जूनमध्ये माझ्या भाचीसाठी हा कौल मी स्वतः लावला, आणि त्याचा अर्थ लावताना चुकलो. म्हणून हे लिहितो आहे.

भाचीला जेईई मेनमध्ये ९५ च्या आसपास पर्सेंटाइल मिळाला. बहिणीने शेजारीपाजारी सांगून टाकलं, "पंच्याण्णव टक्के!" पण मंडळी, पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली पाच मुलं तुमच्या पुढे. त्या वर्षी परीक्षेला सुमारे चौदा लाख मुलं बसली होती. म्हणजे सत्तर हजारांच्या आसपास मुलं भाचीच्या पुढे. हे गणित मी मांडलं आणि घरातला आनंद एकदम ओसरला. भाची हळूच म्हणाली, "मामा, म्हाका सीट मेळटली न्ही?"

मग बसलो आदल्या वर्षीचे आकडे घेऊन. कुठल्या शाखेतली शेवटची जागा कुठल्या क्रमांकाला गेली, ते सगळं जाहीर असतं. पण ते वाचायलाही डोळा लागतो. एनआयटीत निम्म्या जागा त्याच राज्यातल्या मुलांसाठी असतात, त्यामुळे एकाच शाखेचे दोन वेगळे आकडे दिसतात. गोव्याचं मूल बाहेरच्यांचा आकडा वाचून उगाच खचतं. आयआयटीत मात्र असा घरचा वाटा नाही. शिवाय आपल्या प्रवर्गाचा आकडा वेगळा, पहिल्या फेरीचा वेगळा आणि शेवटच्या फेरीचा वेगळा. बघायचा तो शेवटच्या फेरीचा, आणि एकाच नव्हे तर दोन-तीन वर्षांचा.

इथपर्यंत मी बरोबर होतो. चूक पुढे झाली.

भाचीला कॉम्प्युटर हवं होतं. आदल्या वर्षीचा आकडा तिच्या क्रमांकाच्या थोडा अलीकडेच संपत होता. त्याच संस्थेतलं इलेक्ट्रिकल मात्र सहज मिळण्यासारखं होतं. मी म्हटलं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, इलेक्ट्रिकल पहिलं घाल. तिने मुकाट्याने घातलं. पहिल्याच फेरीत जागा मिळाली. बहिणीने फर्मागुढीच्या गोपाळ गणपतीला नारळ ठेवला. शेवटची फेरी संपल्यावर मी सहज आकडे चाळले, तर कॉम्प्युटरची जागा भाचीच्याही मागच्या मुलाला मिळालेली! भाचीला मात्र पहिलीच पसंती मिळालेली, त्यामुळे तिला वर सरकायला जागाच उरली नव्हती.

नंतर ही व्यवस्था नीट समजून घेतली, तेव्हा कळलं की इथे आपली म्हण लागूच पडत नाही. आयआयटी, एनआयटी वगैरेंच्या जागा २०१५ पासून 'जोसा' एकत्र वाटते. यंत्र तुमची यादी वरून खाली वाचतं. पहिली पसंती मिळत नसेल तर दुसरी बघतं, आणि तीही तुमच्या त्याच क्रमांकावर. दुसऱ्या नंबरवर लिहिलं म्हणून ती जागा तुमच्या मागच्या मुलाला जात नाही. म्हणजे भाचीने कॉम्प्युटर वर लिहिलं असतं, तरी इलेक्ट्रिकल कुठेही जात नव्हतं. जागा पत्करून 'फ्लोट' ठेवायची सोय आहे. पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली तर खालची आपोआप सुटते, नाही मिळाली तर हातची राहते.

तेव्हा माझं मत असं, की शक्यतेचा हिशेब यादीचा क्रम ठरवण्यासाठी नसतोच. क्रम आवडीने लावावा. यादी खाली कुठपर्यंत न्यायची, तेवढंच शक्यतेने ठरवावं. पसंती कितीही लिहिता येतात, मग तळाला खात्रीच्या जागा भरपूर घालाव्यात. राज्यातल्या कॉलेजांचा अर्ज वेगळा असतो, तो चुकवू नये. मात्र ज्या जागी मूल खरोखर जाणारच नाही, ती यादीत घालू नये.

हे इतकं सोपं असताना आम्ही मोठी माणसं का घाबरतो? मला वाटतं, सवय. फर्मागुढीचं आपलं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं १९६७ साली. त्याआधी इंजिनिअर व्हायचं तर घाट चढून नाही तर मुंबईची बोट धरून गोव्याबाहेर जाणं भाग होतं. पुढेही कित्येक वर्षं इथे ते एकच कॉलेज. मिळालं तर घ्यायचं, शाखा कुठली ते विचारायचं नाही. मग १९९७ मध्ये वेर्णे, २००१ मध्ये शिरोडे, २०१० मध्ये एनआयटी, २०१६ मध्ये आयआयटी... दारं वाढली. आमची भीती मात्र त्या एका दाराच्या काळातलीच राहिली, आणि ती आम्ही 'अनुभव' म्हणून मुलांच्या गळ्यात बांधतो.

भाची आज इलेक्ट्रिकल शिकते आहे. मजेत आहे, मार्कही चांगले आहेत. तिचं नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. पण मागच्या चवथीला घरी आली तेव्हा मीच विषय काढला आणि चूक कबूल केली. ती हसली. म्हणाली, "मामा, नाही मिळालं असतं तर काही वाटलं नसतं रे. पण तू मला विचारूच दिलं नाहीस."

डावा कौल मिळाला तर माणूस हात जोडून घरी परततो. मी तर पाकळी लावायच्या आधीच तिला देवळातून परत आणलं होतं.

यंदा शेजारचा एक मुलगा आकड्यांचा कागद घेऊन माझ्याकडे आला होता. मी तो बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, "तुला काय शिकायचं आहे?" त्याने उत्तरासाठी वडिलांकडे बघितलं. असो. दोन दिवसांनी परत ये म्हटलंय. एकटा ये.