ब्रेक ऑइल कधी बदललंस?

कोइम्बतूरच्या ट्रॅक डेची तारीख ठरली की आमच्या पुण्याच्या टोळीत चिडवाचिडवीला ऊत येतो. पोलोवाला सिटीवाल्याला म्हणतो, "काका, आरशात बघत राहा, मी येतोच आहे." सिटीवाला शांतपणे विचारतो, "टर्बोचं कौतुक पुरे. ब्रेक ऑइल कधी बदललंस?" पोलोवाला गप्प. मग स्विफ्टवाली घाव घालते, "अलॉयवर एवढे पैसे ओतलेस, पॅडवर किती घातलेस?"

असे टोमणे मला फार मोलाचे वाटतात. कोइम्बतूरचा ट्रॅक, करी मोटर स्पीडवे, दोन किलोमीटरहून थोडाच मोठा. वळणं लागोपाठ येतात, ब्रेकला थंड व्हायला उसंत मिळत नाही. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषत जातं आणि हा आकडा १५५च्या आसपास घसरू शकतो. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पायाचा सगळा जोर ते दाबण्यातच जातो आणि पेडल थेट तळाला टेकतं. शहरात वर्षानुवर्षं न कळलेला हा दोष तिथे काही फेऱ्यांतच उघडा पडतो.

इंजिनाच्या ताकदीवरून एकमेकांना हिणवणं मात्र मला पटत नाही. ज्यांच्या नावाने हा ट्रॅक ओळखला जातो त्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००च्या इंजिनावर एका सीटच्या शर्यतीच्या गाड्या घडवल्या होत्या. छोट्या गाडीला तिथे कमीपणा कसला?

पैज लावायचीच तर जेवणाची लावा, फेरीच्या वेळेची नको. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पुढच्याने हाताने खूण केल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नाही, तेही सरळ पट्ट्यावरच. शिवाय आपल्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत किंवा वेगचाचणीतलं नुकसान बसत नाही.

मला खरी काळजी आहे ती वाटेतल्या सुमारे बाराशे किलोमीटरची. बेळगाव मागे पडून रस्ता मोकळा मिळाला की थट्टेतली खुमखुमी ॲक्सिलरेटरवर उतरते. त्याच रस्त्यावर उलट दिशेने येणारी दुचाकी असते, कडेने चालणारी माणसं असतात. गेल्या खेपेला तिथे ज्याने शर्यत लावली, तो आमचा जुना मित्र आहे. यंदा त्याचं नाव यादीत घेतलेलं नाही.