जांभई द्या, सूर लावा!

मीटिंगमध्ये जांभई म्हणजे बॉसच्या रागाला आमंत्रण. माझ्या गाण्याच्या क्लासात मात्र तोच होमवर्क! जांभई सुरू होताना पडजिभेजवळचा टाळूचा मऊ भाग वर उचलला जातो आणि घशात ऐसपैस जागा होते. तेवढी जागा धरून 'आ' लावायचा. पूर्ण जांभई नको हं, जीभ मागे ओढली की आवाज घुसमटतो.

टेस्ट करायचीय? 'आ' लावा आणि नाक चिमटीत धरा. आवाज बदलला, तर समजा सूर नाकातून पळतोय.

दिवसभर फोनवर मुलाखती घेऊन थकलेला माझा घसा वरच्या 'सा'ला ठणकायचा. आता जोर लावण्याआधी मी जागा करते. 'सा' अजून डळमळतो, पण घसा शाबूत राहतो. आवाजावरच पोट असलेल्यांनो, दुखलं की थांबा!