श्वानदंश : शिक्षेबरोबर भरपाईही

दुसऱ्याने पाळलेल्या कुत्र्याने चावा घेतल्यास जखमी व्यक्तीपुढे कायद्याचे दोन मार्ग असतात : कुत्रा बाळगणाऱ्यास शिक्षा व्हावी म्हणून फौजदारी फिर्याद आणि झालेले नुकसान भरून मिळावे म्हणून दिवाणी दावा. व्यवहारात पहिला मार्ग पुष्कळदा गुन्हा नोंदवण्यापाशीच थांबतो, तर दुसऱ्याकडे कोर्ट फी आणि विलंब यांच्या धास्तीने पक्षकार सहसा वळत नाही. या दोन मार्गांना जोडणारी तरतूद कायद्यातच असून ती सुरतेतील आणि दक्षिण गुजरातेतील वकिलांनी अधिक जागरूकपणे वापरली पाहिजे.

मे २०२५ मध्ये अहमदाबादच्या हाथीजण भागात रॉटवायलर जातीच्या पाळीव कुत्र्याच्या हल्ल्यात चार महिन्यांची बालिका दगावली आणि त्याच वर्षी सुरत महानगरपालिकेने पाळीव कुत्र्याच्या परवान्यासाठी शेजाऱ्यांच्या ना-हरकतीची अट घातली. परवाना नाही एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही; परंतु कुत्रा कोणाचा, या पहिल्याच वादाचा निकाल परवान्याच्या नोंदीवरून लागू शकतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेचे कलम २८९, मालकीचा नव्हे, ताब्याचा विचार करते : ताब्यातील प्राण्यापासून मनुष्याच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत संभवत असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. धोका संभवत होता हे दाखवण्यासाठी सोसायटीकडे आधी गेलेले तक्रार अर्ज, रखवालदाराचा जबाब आणि लिफ्टमधील सीसीटीव्हीचे चित्रण वेळीच हाती घ्यावे लागते.

निष्काळजी कृत्यामुळे प्रत्यक्ष दुखापत झाली असेल, तर कलम १२५ही लागू होऊ शकते आणि दुखापत जबर ठरल्यास शिक्षेची मर्यादा तीन वर्षांपर्यंत जाते. जबर दुखापतीच्या व्याख्येत पूर्वी वीस दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीचे व्यवहार करण्याची असमर्थता अपेक्षित होती. नव्या संहितेच्या कलम ११६ मध्ये ही मुदत पंधरा दिवस झाली आहे. बोटाला चावा बसलेला हिरेकामगार पंधरा दिवस हिरे घासण्याच्या घंटीवर बसू शकला नाही, तर ही बाब निर्णायक ठरू शकते. म्हणून रुग्णालयाच्या केसपेपरवर केवळ ‘श्वानदंश’ एवढीच नोंद न राहता जखमेची खोली, जागा आणि कामावर न जाण्याचा काळही नोंदला जाईल, हे वकिलाने पाहावे.

गिरगावच्या दंडाधिकारी न्यायालयाने २०१० मधील चाव्याबद्दल २०२३ मध्ये तीन महिन्यांची, तर वरळीतील एका इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ साली घडलेल्या घटनेबद्दल २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा सुनावली. शिक्षा होते हे यावरून दिसते. पण लसीचा, टाक्यांचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च शिक्षेने भरून निघत नाही. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९५ आहे : दंड झाला असल्यास त्यातून, आणि शिक्षेत दंडाचा समावेश नसल्यास आरोपीने स्वतंत्रपणे, भरपाई द्यावी असा आदेश न्यायालय देऊ शकते आणि या दुसऱ्या प्रसंगी रकमेवर कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईचा विचार करणे आणि ती देण्याची वा नाकारण्याची कारणे नोंदवणे न्यायालयांवर बंधनकारक ठरवले; योगायोग असा की, त्या खटल्यातील जीवघेण्या भांडणाची ठिणगीही शेतमालकाच्या भुंकणाऱ्या कुत्र्यावरूनच पडली होती.

दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे, तर मृत्यूबद्दल १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली वारसांनी करावयाच्या दाव्याची दोन वर्षे आहे. दावा घटनास्थळी किंवा प्रतिवादीच्या निवासस्थानी दाखल करता येतो. फौजदारी न्यायालयाने देवविलेली रक्कम पुढे दिवाणी दाव्यात जमेस धरली जाते, त्यामुळे एक मार्ग धरला म्हणून दुसरा बंद होत नाही. स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते आणि सामोपचाराची तयारी असल्यास लोकअदालतीतील निवाड्यालाही हुकूमनाम्याचे बळ असते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये असे जे प्रमाण घालून दिले, ते मोकाट जनावरांबाबत शासनावर बसवलेल्या दायित्वापुरते आहे आणि गुजरातेत बंधनकारक नाही. तरीही रक्कम ठरवताना युक्तिवादाला आधार म्हणून ते मांडता येते.

फिर्यादी पक्षाच्या वकिलाने म्हणूनच खर्चाच्या पावत्या, मजुरीचा पुरावा आणि कलम ३९५ खालील लेखी अर्ज सरकारी वकिलामार्फत शिक्षेच्या सुनावणीपूर्वीच न्यायालयासमोर ठेवावा. मागितलेच नाही, तर भरपाईचा प्रश्न निकालपत्रातून निसटण्याचा धोका राहतो.