मूद भाताची, काळजी ताटाची



या आठवड्याच्या पत्रांतलं एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधून एका भगिनीनं ते लिहिलं आहे. माहेर रत्नागिरीकडचं. लहानपण उकड्या तांदळाच्या पेजेवर गेलेलं. मागल्या वर्षी यजमानांच्या तपासणीत रक्तातली साखर वाढलेली निघाली. कुणीतरी सांगितलं, "भात आधी बंद करा." झालं! त्या दिवसापासून घरात पोळ्याच पोळ्या. सासूबाईंना पोळी चावत नाही, म्हणून त्यांच्यापुरता वेगळा कुकर. आणि तीन महिन्यांनी पाहावं, तर साखर जिथल्या तिथं! बाई विचारतात, "ताई, आता पोळीही बंद करू का? मग वाढू तरी काय?"

थांबा हं, असं काही करू नका. त्यांचा बेत त्यांनीच कळवलाय: पाच पोळ्या, बटाट्याची भाजी, शेवटी लोणचं. आता हिशेब मांडू. एका पोळीला साधारण तीस ग्रॅम कणीक धरली, तर पाच पोळ्यांची झाली दीडशे ग्रॅम. म्हणजे जवळजवळ पाचशे कॅलरी, तेल वेगळंच. एक वाटी शिजलेला भात तीस-पस्तीस ग्रॅम तांदळाचा, त्याच्या होतात सव्वाशेच्या आत-बाहेर. भात गेला खरा, पण पिष्ट पदार्थ ताटात तेवढेच राहिले, उलट वाढले. वर बटाटाही पिष्टमयच. साखर उतरणार कशी?

याचा अर्थ भात अगदी निर्दोष, असंही नाही. खूप पॉलिश केलेला पांढरा तांदूळ साखर भराभर चढवतो, हे खरंच आहे. पॉलिश करताना दाण्यावरचा कोंडा आणि अंकुर जातो, आणि त्याबरोबर चोथा नि ब जीवनसत्त्वंही जातात. ही गोष्ट जगाला कळली, त्याची एक हकिगत आहे. १८९० च्या सुमाराला जावा बेटावर आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचा शोध घेत होते. त्यांच्या कोंबड्यांना इस्पितळातला उरलेला पांढरा भात घालत, आणि त्यांचे पाय लुळे पडू लागले. मग नवा आचारी आला. सैनिकांचा भात कोंबड्यांना देणार नाही, म्हणाला. त्यांना साधा, न सडलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या चक्क बऱ्या झाल्या! पुढे १९२९ साली आइकमनना नोबेल पारितोषिक मिळालं. तुमच्या माहेरच्या उकड्या तांदळाचं मर्मही हेच. भात साळीसकट उकडताना कोंड्यातली जीवनसत्त्वं बरीचशी आतल्या दाण्यात मुरतात. ती पेज गरिबीची म्हणून नाक मुरडू नका.

तेव्हा तांदूळ घेताना उकडा किंवा हातसडीचा, निदान कमी पॉलिशचा मागा. हातसडीचा थोडा थोडाच आणावा, कोंड्यातल्या तेलामुळं तो लवकर खवट होतो. शिजवण्याआधी अर्धा-पाऊण तास भिजवावा. रोज नको वाटला, तर आठवड्यातून तीन दिवस करा. मीरा-भाईंदरच्या या पट्ट्यात आज इमारती दिसतात, तिथं एके काळी भातशेती आणि मिठागरं होती. आणि २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेला वाडा कोलम तुमच्या शेजारच्या पालघर जिल्ह्यातलाच. भात आपल्या मातीतला आहे. त्याला घराबाहेर काढायचं कारण नाही.

फक्त मोजून वाढा. आपल्या आजीकडे त्याचं माप होतं: मूद! लहान वाटीत भात दाबून ताटात उपडा करायचा. तशी एक मूद, फार तर दीड. भोवती मूदभर घट्ट वरण किंवा उसळ, आणि त्याच्या दुप्पट भाजी-कोशिंबीर. भात असेल त्या जेवणात पोळी एकच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शनातही सांगितलंय, की दिवसभराच्या उष्मांकातला धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांवर जाऊ नये. भातात लायसीन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते भातात. म्हणून वरण-भाताची जोडी. आणि वर लिंबू पिळतो, ते नुसतं चवीला नव्हे बरं. डाळीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. जेवताना आधी कोशिंबीर, भाजी, वरण घ्यावं, भात मागून. साखर सावकाश चढते.

आणखी दोन गोष्टी. तांदूळ दोनदा धुणं पुरे. भाताचं पाणी काढून टाकलं की साखर जाते, ही समजूत चुकीची. थोडं पिष्ट जातं, पण ब जीवनसत्त्वंही जातात. आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

आता पत्रातलं शेवटचं वाक्य. बाई जाता जाता लिहितात, "माझं काय, सकाळचा उरलेला भात साडेतीनला खाते, आणि त्यावर चहा." अगं, माझा जीव इथंच अडकला! यजमानांसाठी पोळ्या, सासूबाईंसाठी कुकर, आणि तुझ्या ताटात? गार भात नि आमटीचं उरलेलं पाणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यामागं कारणं अनेक आहेत, पण आपलं शेवटचं ताट हेही त्यातलं एक. शिवाय ओट्यावर तासन्‌तास राहिलेला भात बाधतो. शिजवूनही तगणारे जंतू त्यात वाढतात. उरला, तर तास-दीड तासात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईतो गरम करावा.

उद्यापासून एवढं करा. सगळ्यांची ताटं वाढताना आपलंही वाढून घ्या: मूद, वरण, पालेभाजी, लिंबाची फोड. चहा तासाभरानं, जेवणावर लगेच घेतला तर लोह नीट शोषलं जात नाही. साडेतीनची वाट पाहू नका.

सुरुवात या खिचडीनं करा, सासूबाईंनाही चावेल. चौघांसाठी पाऊण वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, दोन वाट्या चिरलेली मेथी. जिरं, हिंग, हळद, लसूण यांची फोडणी, पाच वाट्या पाणी, चवीला मीठ, कुकरच्या चार शिट्ट्या. वर चमचाभर तूप आणि लिंबू. सोबत काकडीची कोशिंबीर. एकच कुकर, साऱ्या घराला एकच जेवण, आणि तुमच्याही ताटात गरमागरम!