पान उलटलं की मांजर गायब

‘ॲलिस इन वंडरलँड’ म्हटलं की लेखक लुईस कॅरोल सगळ्यांना आठवतात. पण लांब केसांची, एप्रन घातलेली ॲलिस किंवा हातात घड्याळ धरलेला ससा आपल्या डोळ्यांसमोर येतो, तो चित्रकार जॉन टेनिएल यांच्यामुळे. आज थोडं त्यांच्याविषयी.

टेनिएल (१८२०-१९१४) लंडनचे. विसाव्या वर्षी वडिलांबरोबर तलवारबाजीचा सराव करताना त्यांच्या उजव्या डोळ्याला इजा झाली आणि हळूहळू त्या डोळ्याची दृष्टी गेली. वडिलांच्या मनाला लागू नये म्हणून दुखापत किती मोठी आहे हे त्यांनी वडिलांना कळू दिलं नाही. पुढे ‘पंच’ साप्ताहिकासाठी त्यांनी ५० वर्षं व्यंगचित्रं काढली, तीही समोर मॉडेल न बसवता, आठवणीतून.

‘ॲलिस’साठी त्यांनी ४२ चित्रं काढली. चित्र आधी कागदावर, मग उलटं करून लाकडी ठोकळ्यावर. डॅल्झिएल बंधूंच्या कारखान्यातले कारागीर रेघांमधलं लाकूड कोरून काढत, म्हणजे रेघ तेवढी उठून राही. ठोकळे झिजू नयेत म्हणून त्यांच्यावरून धातूचे ठसे करून छपाई होई.

१८६५ मध्ये पहिल्या २,००० प्रती छापून झाल्या आणि टेनिएल यांनी चित्रांच्या छपाईवर नापसंती कळवली. कॅरोल यांनी भेट दिलेल्या प्रतीसुद्धा परत मागवल्या आणि पुस्तक दुसऱ्या छापखान्यात नव्याने छापून घेतलं. छपाईचा खर्च त्यांच्याच खिशातून होता, बरं का! रिलीज झालेलं सॉफ्टवेअर मागे घेताना आमच्या क्षेत्रात काय धावपळ होते हे मला माहीत आहे, म्हणून या निर्णयाचं मोल जास्तच वाटतं.

पण मला सर्वांत आवडते ती चित्रांची जागा. झाडावर बसलेलं चेशायर मांजर एका उजव्या पानावर आहे. पान उलटलं की पुढच्या उजव्या पानावर, अगदी त्याच जागी, तेच झाड. मांजर मात्र विरत चाललेलं, हसू तेवढं ठळक! १८७१ च्या दुसऱ्या पुस्तकात ॲलिस आरशात शिरते ते चित्र पानाच्या एका बाजूला आणि आरशातून बाहेर येते ते त्याच पानाच्या मागे. म्हणजे कागदच आरसा झाला. ना स्क्रीन, ना ॲनिमेशन. मुलाने पान उलटायचं, की जादू होते.

आता मोबाइलवर हेच पुस्तक फुकट मिळतं. पण अक्षर लहानमोठं केलं की मजकूर सरकतो, चित्रं कुठेही जाऊन बसतात आणि ही गंमत हरवते. एकही शब्द गाळलेला नसतो, तरी मुलाच्या हाती पुस्तक अर्धंच येतं. स्वस्त छापील आवृत्त्यांतही अनेकदा हेच होतं.

म्हणून घरातल्या लहानग्यांसाठी ‘ॲलिस’ घ्याल तेव्हा दोन गोष्टी पाहा: आत टेनिएल यांचं नाव आहे का, आणि आरशाची दोन चित्रं एकाच पानाच्या दोन बाजूंना आहेत का. ते मूळ लाकडी ठोकळे १९८५ मध्ये लंडनच्या एका बँकेच्या तिजोरीत सुखरूप सापडले. आवृत्ती नीट मिळाली, तर वाचून दाखवताना एवढंच करा: त्या जागी थांबा आणि पान मुलालाच उलटू द्या.