डिंगाचच्या उतारावर घाई कशाला?

क्रोएशियाच्या आयटिनररींमध्ये गेल्या दोन-तीन हंगामांपासून एक दिवस हमखास दिसू लागला आहे. सकाळी दुब्रोव्हनिकहून प्रस्थान, चार किंवा पाच वाईनरींना भेट, 'अनलिमिटेड टेस्टिंग', वाटेत जेवण, संध्याकाळी हॉटेलवर परत. पत्रक छापायला सोपं, विकायला त्याहून सोपं. ग्रुपबरोबर ज्याला जायचं असतं त्या टूर मॅनेजरला मात्र संध्याकाळी साडेपाचला कोचमध्ये काय दिसतं, ते आपल्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. निम्मा ग्रुप झोपलेला, दोघं-तिघं नको तितक्या मोठ्या आवाजात गाणारे, आणि मागच्या सीटवर एक कुटुंब दिवसभराच्या कंटाळ्यानं गप्प बसलेलं.

हा दिवस बंद करा, असं आमचं म्हणणं नाही. उलट दक्षिण क्रोएशियात मराठी पर्यटकाला देण्याजोगा यासारखा दुसरा दिवस नाही. फक्त तो दारूचा म्हणून विकू नका, शेतीचा म्हणून विका. आणि दोन वाईनरींवर थांबा.

आधी हिशोब मांडू. टेस्टिंगमध्ये एका वाईनचा घोट साधारण 50 मिलिलीटरचा धरा. एका ठिकाणी पाच वाईन म्हणजे 250 मिलिलीटर. तीन वाईनरी झाल्या की 750, म्हणजे माणशी एक अख्खी बाटली. त्यातही ही डाल्मेशियातली लाल वाईन, 14-15 टक्के अल्कोहोलची. बाहेर ऊन, पोटात सकाळचा टोस्ट आणि समोर वळणावळणाचा रस्ता. पाच वाईनरींचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

हा दिवस आताच इतका का बोकाळला, याचं कारण भूगोलात आहे. 26 जुलै 2022 रोजी पेल्येशाट्सचा पूल सुरू झाला. त्याआधी स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला रस्त्यानं जाताना नेउमपाशी बॉस्नियाची काही किलोमीटरची पट्टी ओलांडावी लागे. आता सुमारे 2.4 किलोमीटरच्या पुलावरून कोच थेट पेल्येशाट्स द्वीपकल्पावर उतरतो आणि स्टोनवरून पुढे जातो. म्हणजे पूर्वी ज्या भागाला मुद्दाम वाट वाकडी करावी लागे, तो आता वाटेतच आला. त्यात 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये गेला आणि कुना जाऊन युरो आला. (अजूनही जुन्या सवयीनं नेउमचा रस्ता धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, की सिंगल एन्ट्री व्हिसावरचा भारतीय पासपोर्ट नेउममध्ये शिरला की शेंगेनमधून बाहेर पडतो. परत आत यायची पंचाईत होते.)

आता त्या जागेविषयी. पोतोम्ये हे गाव डोंगराच्या आतल्या बाजूला आणि त्याच्या सर्वात मोलाच्या बागा डोंगरापलीकडे, समुद्राच्या अंगाला. त्या उताराचं नाव डिंगाच. 1961 मध्ये त्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. आजच्या क्रोएशियात हा मान मिळवणारी ही पहिली वाईन. शेजारच्या पोस्तुपला तो 1967 मध्ये मिळाला. तोडलेली द्राक्षं डिंगाचहून गावात आणायची तर पूर्वी गाढवांच्या पाठीवर लादून डोंगर चढावा लागे. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात गावच्या बागायतदारांनी पदरमोड करून डोंगरातून सुमारे 400 मीटरचा बोगदा काढला. अजूनही तोच वापरतात. एकच गाडी जेमतेम जाईल इतका तो अरुंद आहे, त्यामुळे 45 आसनी कोच तिथे न्यायचा विचारही नको. दोन मिनीबस सांगा, किंवा कोच पोतोम्येत उभा करून स्थानिक गाड्यांची सोय करा. हा खर्च लँड कॉस्टमध्ये सुरुवातीलाच धरा. तो वाचवायला म्हणून बोगदा गाळला, तर मग पेल्येशाट्सला जाण्यात अर्थ नाही.

अंधारातून गाडी बाहेर पडते आणि समोर एकदम खाली समुद्र असतो. पायाखालून सुटलेला दगडगोट्यांचा उतार, त्यावर गुडघा-मांडीएवढ्या उंचीच्या ठेंगण्या वेली. मांडव नाही. जुन्या बागांत तारा नाहीत, ठिबकही नाही. ट्रॅक्टर चालवायची सोय नाही, सगळी कामं हातानं. तिथले लोक सांगतात की इथल्या वेलीला तीन सूर्य मिळतात: एक आकाशातला, दुसरा समुद्रावरून परतणारा आणि तिसरा पांढऱ्या दगडांवरून उलटणारा. भर दुपारी तिथे दहा मिनिटं उभं राहिलं की हे पटतं. टोप्या, पाणी आणि पायात धड बूट, हे आदल्या रात्री ग्रुपला बजावून ठेवा.

आपल्या ग्रुपमध्ये कोण असतं, याचा विचार इथे करायला हवा. दिंडोरी, निफाड, तासगाव, बारामती, नारायणगाव या भागांतून युरोपला जाणाऱ्यांत बागायतदार कुटुंबं कमी नाहीत. त्यांना ग्लास कसा धरायचा हे शिकवण्यात तासभर घालवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. तास-ए-गणेश आणि सोनाका ही नावं ज्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत, ते उतारावर पाऊल टाकताच विचारणार: खुंट कोणता? पाणी कधी देता? छाटणी वर्षातून एकदाच? आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. तिथे वेल हिवाळ्यात झोपते, छाटणी एकदा आणि तोडही एकदा, सप्टेंबरच्या सुमारास. खुंटाचं कारणही वेगळं. आपण क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून डॉगरिजवर कलम करतो. युरोपनं अमेरिकी खुंट स्वीकारला तो फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीनं बागाच्या बागा बसवल्या म्हणून. त्या काळात डाल्मेशियातली कितीतरी कुटुंबं गाव सोडून चिली, अमेरिका, न्यूझीलंडला गेली. डोंगरावर ओस पडलेल्या दगडी ताली आजही दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि तो घड. डिंगाचवर जी जात लावतात तिचं नाव प्लावाट्स माली. तिचा पिकलेला घड हातात घेतला तर एकाच घडात सुकून मनुका झालेले मणी, नीट पिकलेले काळे मणी आणि अधूनमधून चक्क हिरवे मणीही सापडतात. निर्यातीच्या द्राक्षासाठी विरळणी करून, मण्याची जाडी मोजून माल भरणाऱ्या आपल्या बागायतदाराला तो घड बघून घाम फुटेल. पण या वाईनची ताकद, तिचा गोडसर जडपणा आणि मागून येणारी किंचित आंबट धार या बेशिस्त घडातूनच येते. हे उतारावर उभं राहून सांगितलं तर नंतर टेस्टिंगच्या टेबलावर फार बोलावं लागत नाही. चव घेतानाच माणसं माना डोलावतात. मे महिन्यात घड दिसणार नाही, तेव्हा टूर मॅनेजरनं मोबाइलवर एक चांगला फोटो ठेवावा.

याच जातीची आणखी एक गोष्ट आहे आणि ती दुब्रोव्हनिक ते पोतोम्ये या प्रवासात सांगायला अगदी बेताची आहे. या भागातला मिल्येंको गर्गिच 1954 मध्ये युगोस्लाव्हिया सोडून निघाला, जर्मनी-कॅनडामार्गे 1958 मध्ये कॅलिफोर्नियात पोहोचला आणि तिथे माइक गर्गिच झाला. 1976 मध्ये पॅरिसला झालेल्या प्रसिद्ध चाचणीत, बाटल्या झाकून, फ्रेंच परीक्षकांनी पांढऱ्या वाईनमध्ये जिला पहिला क्रमांक दिला, ती शातो मॉंतेलेनाची 1973 ची शार्दने त्यानंच बनवलेली. कॅलिफोर्नियातली झिनफंडेल आणि गावाकडची प्लावाट्स एकच, असं तो कित्येक वर्षं सांगत असे. शेवटी झाग्रेब विद्यापीठातले इवान पेयिच आणि एदी मालेटिच यांनी अमेरिकेतल्या कॅरोल मेरेडिथ यांच्यासह डीएनए तपासला. एकच नव्हे, पण नातं सख्खं निघालं. झिनफंडेल म्हणजे स्प्लिटजवळच्या काश्तेल नोवी गावात 2001 मध्ये हाती लागलेली, जवळजवळ नामशेष झालेली एक जुनी क्रोएशियन वेल. आणि प्लावाट्स माली ही तिची नि डोब्रिचिच नावाच्या दुसऱ्या स्थानिक जातीची संतती. म्हणजे अमेरिकेत गेली ती आई, गावात राहिलं ते लेकरू. गर्गिचनं 1996 मध्ये पेल्येशाट्सवरच्या त्रस्तेनिकला परत येऊन वाईनरी काढली आणि डिसेंबर 2023 मध्ये तो शंभर वर्षांचा होऊन गेला. परदेशी मुलं-नातवंडं असलेल्या आपल्या ज्येष्ठ प्रवाशांना ही हकिकत कशी भिडते, ते एकदा सांगून पाहा.

टेबलावर बसल्यावरचे प्रश्न वेगळे आहेत, आणि आयोजक तिथेच जास्त चुकतात. पहिला प्रश्न थुंकण्याचा. टेस्टिंगच्या टेबलावर ठेवलेलं भांडं उरलेली वाईन ओतायला आणि तोंडातला घोट टाकायला असतं. आपल्या माणसाला चारचौघांत थुंकणं जमत नाही, आणि पैसे मोजलेली वस्तू ओतून देणं त्याहून जमत नाही. म्हणून तो संपवतो. शेजारणीनं सोडलेलंही संपवतो. टूर मॅनेजरनं स्वतः पहिल्याच वाईनला दोन घोट घेऊन उरलेली वाईन भांड्यात ओतली, की अर्ध्या ग्रुपची भीड चेपते. यजमान शेतकऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. तो स्वतः तेच करतो.

दुसरा प्रश्न न पिणाऱ्यांचा. पंचवीस जणांच्या मराठी ग्रुपात असे निम्मे तरी निघतील, आणि त्यांच्याकडून पूर्ण पैसे घेऊन त्यांना पाण्याच्या ग्लासासमोर बसवणं हा आपल्या धंद्यातला जुना उद्योग आहे. पेल्येशाट्सवर द्राक्षाइतकंच ऑलिव्ह पिकतं, अंजिरं होतात. आधी कळवलं तर घरच्या तेलाची चव, अंजिराचा मुरांबा, द्राक्षाचा रस यांचं स्वतंत्र टेबल लावता येतं आणि त्याचा दर वेगळा ठरवून घेता येतो. बुकिंगच्या फॉर्मवर 'वाईन घेणार / घेणार नाही' अशी एक ओळ वाढवायला कुणाची हरकत आहे? मुलांचा प्रश्नही तिथेच सुटेल, कारण क्रोएशियात वयाची अट 18 ची आहे.

जेवणाबद्दल थोडक्यात. टेस्टिंगबरोबर येतं ते सुकवलेलं डुकराचं मांस आणि चीज, स्टोनला कालवं. शाकाहाऱ्यांना चार्डची भाजी, बटाटा, पाव, ऑलिव्ह तेल आणि चीज मिळेल, पण भाजीत लसूण असतो, आणि चीजमधलं रेनेट प्राण्यांपासूनचं असू शकतं. जैन प्रवाशांसाठी लेखी सूचना आधी पाठवा, टेबलावर बसून हुज्जत नको. आणि चिवड्याचे डबे कोचमध्येच राहू द्या. लसणाच्या चटणीवर कुठलीच वाईन कळत नाही.

ड्रायव्हरला आग्रह करू नका. 'थोडीशी घ्या हो' हे आपल्या पाहुणचारात बसतं, क्रोएशियन कायद्यात बसत नाही: व्यावसायिक चालकासाठी मर्यादा शून्य आहे. साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती हा युरोपियन युनियनचा नियमही त्याच्यावर आहे, तेव्हा परतीच्या वाटेवर 'अजून एक वाईनरी करू या' असं ग्रुपनं म्हटलं तरी नकार टूर मॅनेजरनंच द्यायचा आहे. बाटल्या घ्यायच्या तर चेक-इन बॅगेत आणि भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंतच शुल्कमुक्त, हे दुकानात शिरण्यापूर्वी सांगा. घासाघीस मात्र करू देऊ नका. समोरचा माणूस दुकानदार नाही, त्या उताराचा मालक आहे, आणि बऱ्याचदा तोडणीपासून लेबल चिकटवण्यापर्यंत सगळं तोच करतो.

इस्ट्रियाची मालवाझिया, कोर्चुलाची पोशिप, कुत्येवोची 1232 पासूनची तळघरं हे सगळं वेगळ्या दिवसाचं, किंबहुना वेगळ्या सहलीचं काम आहे. एका आयटिनररीत क्रोएशियाची सगळी वाईन कोंबायचा मोह आवरा. सकाळी स्टोनची तटबंदी आणि मिठागरं, मग बोगदा आणि उतार, पोतोम्येत एक वाईनरी, जेवण, दुपारी त्रस्तेनिकला दुसरी, आणि उजेड असताना परत. मे महिन्यात हे निवांत होतं. सप्टेंबरमध्ये बागा पाहायला सुरेख असतात, पण तोडणीच्या गडबडीत कुटुंबाला आपल्यासाठी सवड नसते.

या घरगुती वाईनरींत एका वेळी वीस-पंचवीस माणसांपेक्षा जास्त बसवायला जागा नसते आणि पूर्वसूचनेशिवाय दार उघडेलच असं नाही. मे महिन्याचे ग्रुप असतील तर चौकशीची ईमेल जानेवारीतच गेली पाहिजे: माणसं किती, त्यांपैकी न पिणारे किती, शाकाहारी किती, आणि बागायतदार किती. यातला शेवटचा आकडा कळवायला विसरू नका. तो वाचून बऱ्याचदा घरचा मालक स्वतः उतारावर यायला तयार होतो.