घोडा पाहावा, ट्रक मिळेल तो घ्यावा

दत्तजयंतीच्या सुमारास प्रकाशाच्या चहावाल्यांकडे निराळंच गिऱ्हाईक येतं. एरवी हे गाव म्हणजे दक्षिणकाशी. गोमाई तापीला मिळते तिथे लोक केदारेश्वराच्या दर्शनाला येतात. पण जवळच सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथे घोड्यांचा मोठा बाजार लागतो, आणि गुजरातच्या वाटेने निघालेले घोड्यांचे ट्रक इथे चहाला थांबतात. मालक खाली उतरून पाय मोकळे करतो. ज्याला चार पाय आहेत तो वरच उभा!

घोडा घेताना याच मालकाची चिकित्सा पाहावी. दात मोजेल, खूर उचलून बघेल, देवमण आहे का, भोवरा कुठे आहे, चाल कशी आहे... पोटच्या पोरीसाठी स्थळ पाहतानासुद्धा माणूस इतका खोलात शिरत नाही. आणि ट्रक? "परतीची रिकामी गाडी आहे भाऊ, स्वस्तात नेतो." झालं! कालपर्यंत केळी वाहणारा हौदा, खाली गुळगुळीत पत्रा, त्यावर मूठभर पेंढा. पहिल्याच वळणावर लाखाचा घोडा घसरगुंडी खेळतो.

काही महाभाग तर 'छोटा हत्ती' ठरवतात. हत्तीच्या पाठीवर घोडा, हे चित्रात शोभतं. त्या हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास. घोड्याने मान कुठे ठेवायची, ड्रायव्हरच्या खांद्यावर?

बरं, सरकारने सांगितलेलं नाही असंही नाही. १९७८ सालचे जनावरांच्या वाहतुकीचे नियम आहेत. तळाला काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या, बाजूंना गादी, दोन घोड्यांमध्ये आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू, एका गाडीत चार ते सहाच जनावरं, तोंडं डावीकडे (म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांना बिचारी बुजत नाहीत) आणि वेग ताशी ३५ किलोमीटर. २०१६ पासून मोटार वाहन नियमांत घोड्यामागे सव्वादोन चौरस मीटर जागाही आली. चौदा फूट लांब, सहा फूट रुंद हौद्याला हा हिशेब लावला तर साडेतीन घोडे बसतात. अर्धा घोडा अजून बाजारात आलेला नाही, म्हणून तीनच. प्रत्यक्षात चढवतात किती, ते चहा पिता पिता मोजून पाहा.

३५ ची गोष्ट काढली की ड्रायव्हर हसतो. साडेतीनशे किलोमीटरला दहा तास, परवडणार कसं? इंजिनात शंभर घोड्यांची ताकद असल्यावर मागच्या तिघांचं कोण ऐकतो!

त्यात मान आखूड बांधायची, "म्हणजे घोडा चावत नाही." पण घोड्याला अधूनमधून मान खाली घालून नाक मोकळं करावं लागतं. तासन् तास मान वर राहिली की घाण छातीत उतरते आणि घरी पोचताच ताप भरतो. मग मालक म्हणतो, "दृष्ट लागली!" ट्रक लागला, असं कोणी म्हणत नाही.

"पूर्वी घोडे चालतच यायचे की," असं एक म्हातारे मला ऐकवतात. यायचे ना! पण दमले की थांबायचे. पत्र्यावर उभ्या घोड्याला ती सोय नाही. गचका बसला की चारही पायांनी तोल सावरायचा, रात्रभर.

माझी एवढीच सूचना आहे. भाडं ठरवण्याआधी मालकाने स्वतः त्या हौद्यात चढावं, हात मागे बांधून घ्यावेत आणि पहिल्या गतिरोधकापर्यंत उभ्याने जावं. मग खुशाल घासाघीस करावी.